राउटरची जागा कोणी ठरवली?

पत्राचा सारांश : घरून काम करणाऱ्या एका वाचक बाईंचं हे पत्र. घर लांबट आहे. राउटर पुढच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या युनिटमध्ये, दाराआड ठेवलेला. बाईंचं कामाचं टेबल अगदी मागच्या खोलीत. मीटिंग सुरू झाली की आवाज तुटतो, चेहरे गोठतात, आणि दोन वेळा तर महत्त्वाचं बोलत असतानाच त्या बाहेर फेकल्या गेल्या. म्हणून त्यांनी जास्त वेगाचा प्लॅन घेतला, पण फरक काही पडला नाही. नवरा म्हणतो रिपीटर (सिग्नल ऐकून पुढे पाठवणारी पेटी) घे, मुलगा म्हणतो मेश (एकाच वायफायच्या एकमेकींशी बोलणाऱ्या पेट्या) घे, ओळखीतले एकजण म्हणाले जास्त अँटेनांचा राउटर घ्या. घरातल्या इतरांचं सगळं नीट चालतं, त्यामुळे ‘तुझंच कसं अडकतं?’ हे त्यांना रोज ऐकावं लागतं. राउटर मधल्या बोळात आणावा असं त्यांनी सुचवलं होतं. पण बोळाला लागून सासऱ्यांची झोपायची खोली आहे आणि त्यांना वायफायच्या लहरींची भीती वाटते. बाई विचारतात : ‘यातलं नेमकं काय विकत घेऊ?’

---

खरेदीबद्दल मी बोलणार आहे, पण ते बरंच पुढे. कारण तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते : वायफाय कमी पडतंय म्हणजे घरात काहीतरी कमी ताकदीचं आहे आणि त्याच्या जागी जास्त ताकदीचं आणलं की काम होईल. प्लॅन वाढवला तोही याच समजुतीतून. मला मात्र पत्र वाचताना सगळ्यात आधी खटकली ती राउटरची जागा. ती तुमच्यापैकी कोणी विचार करून ठरवली असेल असं वाटत नाही. जोडणी करायला आलेल्या माणसाला वायर जिथवर आणणं सोपं गेलं तिथे त्याने पेटी ठेवली, मग ती दिसायला बरी नाही म्हणून युनिटच्या दाराआड गेली. बहुतेक घरांमध्ये असंच होतं. नंतर घरातलं कोणी मागच्या खोलीत बसून कामाला लागतं, पण राउटर हलत नाही.

आधी ‘तुझंच कसं अडकतं?’ या प्रश्नाचं उत्तर देते, कारण माझ्या मते तुम्हाला रेंजपेक्षा त्याचाच त्रास जास्त होतोय. घरातले खोटं बोलत नाहीत आणि तुम्हीही नाही. सिनेमा किंवा मालिका बघताना यंत्र पुढचा काही भाग आधीच उतरवून ठेवतं. मध्ये पाच-दहा सेकंद सिग्नल गेला तरी साठवलेला भाग चालू राहतो आणि बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मीटिंगमध्ये साठवण्यासारखं काही नसतंच. समोरचा आत्ता बोलतोय ते आत्ताच पोचायला हवं. अर्धा सेकंद उशीर झाला की तो तुकडा निरुपयोगी होतो आणि टाकून दिला जातो. त्यामुळे त्याच खोलीत, त्याच सिग्नलवर तुमच्या मुलाचा सिनेमा छान चालेल आणि तुमची मीटिंग मोडेल. हे एकदा घरात सांगून बघा. किंवा कोणालातरी तुमच्या टेबलावरून, तुमच्याच लॅपटॉपवर वीस मिनिटांचा व्हिडिओ कॉल करायला सांगा. तक्रार नुसती ऐकण्यापेक्षा स्वतः अनुभवली की घरातली चर्चा वेगळ्या सुरात होते.

आता निदान. बिघाड दोन ठिकाणी असू शकतो : बाहेरून घरात येणाऱ्या जोडणीत, किंवा राउटरपासून तुमच्या टेबलापर्यंतच्या हवेत. हे वेगळं काढल्याशिवाय एक पैसाही खर्च करू नका. लॅपटॉप राउटरपाशी न्या, लॅन केबलने थेट जोडा आणि वेग तपासा. केबल नसेल तर राउटरपासून दोन-तीन मीटरवर, मध्ये काहीही न येईल असं बसून तपासा. मग तीच तपासणी मागच्या खोलीत करा. एकदाच नको, सकाळी, मीटिंगच्या वेळी आणि रात्री, सगळे घरात असताना. फक्त डाउनलोडचा आकडा बघू नका. अपलोड बघा, कारण तुमचा चेहरा आणि आवाज त्याच वाटेने बाहेर जातो. आणि पिंग बघा, म्हणजे निरोप जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते. हा आकडा स्थिर असेल तर ठीक. 20 वरून एकदम 400 वर उड्या मारत असेल तर आवाज तुटणारच.

राउटरपाशीच सगळं ढिसाळ निघालं तर दोष जोडणीत आहे. मग सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार करायची, रिपीटर घेऊन काही होणार नाही. पण तुमच्या बाबतीत मला तसं वाटत नाही. प्लॅन वाढवूनही काडीचा फरक पडला नाही, यातच बरंचसं उत्तर आलं. प्लॅनचा वेग हा घराच्या दारापर्यंतचा वेग असतो. पुढे हवेतून टेबलापर्यंत किती पोचतं याच्याशी त्याचा संबंध नाही. एका व्हिडिओ कॉलला साधारण 2 ते 4 एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) पुरतात, आणि तेवढा वेग तर तुमच्या जुन्या प्लॅनमध्येही असणार. मागच्या खोलीची दुरुस्ती झाली की तो वाढीव प्लॅन खरंच लागतोय का तेही बघा. बहुधा खाली आणता येईल.

रेंजच्या दांड्या कधी पूर्ण दिसतात तरी कॉल तुटतो, असंही तुम्ही लिहिलंय. दांड्यांवर फार विश्वास ठेवू नका. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. खरा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात असतो. अँड्रॉइड फोनवर वायफाय तपासणारी मोफत अ‍ॅप्स तो दाखवतात. मॅकवर ऑप्शनची कळ दाबून धरून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की दिसतो. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे 50 म्हणजे उत्तम. उणे 67 पर्यंत व्हिडिओ कॉल निर्धास्त चालतो. उणे 70 च्या खाली कुरकुर सुरू होते आणि उणे 80 ला जोडणी नावापुरतीच राहते. दर 3 डीबी खाली गेलं की ताकद निम्मी होते, 10 डीबी खाली गेलं की एक दशांश. म्हणजे उणे 67 आणि उणे 77 हे कागदावर शेजारी दिसले तरी त्यांच्यात दहा पटींचं अंतर आहे. घराचा साधा नकाशा काढून प्रत्येक खोलीत आकडा लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे. त्यातून जे कळतं ते कोणताही विक्रेता सांगू शकणार नाही.

सिग्नल जोरदार असूनही काम होत नसेल तर कारण गर्दीचं असतं. वायफाय मुख्यतः 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांवर चालतं. नव्या उपकरणांमध्ये 6 चा पट्टाही असतो. 2.4 च्या लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटीमीटर. त्या भिंतीतून बऱ्या जातात आणि लांब पोचतात. पण आजूबाजूच्या घरांचे राउटर, ब्लूटूथ, वायरलेस माऊस, सगळे तिथेच असतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही 2.45 च्या आसपास चालतो आणि त्यातून थोडी गळती होतेच. एवढंच काय, लॅपटॉपला चिकटून ठेवलेली यूएसबी 3 ची हार्ड डिस्कसुद्धा या पट्ट्यात गोंगाट करते. 5 गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आणि वेगवान, पण त्याच्या लहरी भिंतीपाशी लवकर थकतात. राउटरच्या सेटिंगमध्ये 2.4 साठी चॅनल (पट्ट्याचा एक तुकडा) 1, 6 किंवा 11 यांपैकीच एक निवडा, कारण हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत, आणि चॅनलची रुंदी 20 मेगाहर्ट्झ ठेवा. रुंदी 40 केली तर वेग वाढेल असं वाटतं; गर्दीत उलट होतं.

जास्त अँटेनांच्या राउटरबद्दल. वायफायचं बोलणं दुतर्फा असतं. राउटर तुमच्या लॅपटॉपला ऐकू जाऊन भागत नाही; लॅपटॉपचं बोलणंही राउटरला ऐकू यायला लागतं, आणि लॅपटॉपची, त्याहून फोनची, प्रक्षेपणाची ताकद राउटरपेक्षा सहसा कमी असते. मैदानाच्या एका टोकाला कोणी लाउडस्पीकर घेऊन उभा असला तरी दुसऱ्या टोकाच्या माणसाचं साधं बोलणं त्याला ऐकू येणार नाही, तसंच हे. म्हणून जबर राउटर आणून बऱ्याचदा दांड्या वाढतात आणि मीटिंग मात्र तशीच तुटते. नव्या राउटरचा फायदा होतो, पण तो तुमचा सध्याचा फार जुना असेल तर. वायफाय 4 हे मानक 2009 चं, वायफाय 5 हे 2013 चं आणि वायफाय 6 हे 2021 चं. तुमच्या राउटरला फक्त 2.4 चा पट्टा असेल तर तो बदलण्यात अर्थ आहे. नसेल तर थांबा.

पुन्हा जागेकडे येते, कारण खरा तिढा इथेच आहे. टीव्हीच्या मागच्या बाजूला धातूचा पत्रा असतो. राउटर त्याच्या पाठीशी, वर युनिटचं दार लावलेलं, आणि मग पुढे दोन-तीन भिंती. लहरींना सगळ्यात जास्त अडवतो तो धातू : कपाट, फ्रिज, आरसा (त्याच्या मागे धातूचा थर असतो), काँक्रीटमधल्या सळ्या. पाणीही लहरी शोषतं, म्हणून मधे फिश टँक असेल तर त्याचाही विचार करा. लाकडी दार किंवा साधी पातळ भिंत त्यामानाने सौम्य. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही : भिंत सरळ ओलांडली तर तिची जाडी तेवढीच भरते, पण लहरी तिरप्या गेल्या तर त्यांना भिंतीच्या आतून जास्त अंतर कापावं लागतं. लांबट घरात एका टोकाच्या कोपऱ्यातून दुसऱ्या टोकाच्या कोपऱ्यात जाणारा सिग्नल असाच प्रत्येक भिंत तिरपी ओलांडत जातो. राउटर दोन-तीन मीटर बाजूला सरकवून दारांच्या रांगेत आणला तरी आकड्यात फरक दिसतो.

मोकळ्या जागेतसुद्धा अंतर दुप्पट झालं की ताकद एक चतुर्थांश होते. म्हणून राउटर घराच्या मध्याकडे, छातीएवढ्या किंवा त्याहून उंच, उघड्यावर असावा. अँटेना बाहेर असतील तर त्या उभ्या ठेवा : अँटेनाच्या टोकाच्या दिशेने सिग्नल सगळ्यात क्षीण असतो, आणि तिच्या कडेने, आडव्या दिशेने तो पसरतो. एकाच मजल्याच्या घरात अँटेना मागच्या खोलीकडे रोखून धरणं म्हणजे नेमकं उलटं.

‘पण वायर तिथपर्यंत नाही’ असं घरात कोणीतरी म्हणेलच. फायबरची पेटी आणि राउटर वेगवेगळे असतील तर फायबरला हातही लावायचा नाही. पेटी आहे तिथेच राहू द्या आणि तिच्यापासून राउटरपर्यंत लांब लॅन केबल टाका. ती 100 मीटरपर्यंत चालते आणि साध्या कॅट 5ई केबलमधूनही 1 गिगाबिटचा वेग जातो. दोन्ही एकाच पेटीत असतील तर कंपनीच्या माणसाला बोलावून ती हलवून घ्या. स्वतः फायबर ओढू-दुमडू नका, आतली काच तुटते. भिंतीला भोक पाडण्याआधी केबल जमिनीवरून, भिंतीच्या कडेने तात्पुरती सोडा आणि आठवडाभर तसंच वापरून बघा. हॉलचं रूप बिघडेल म्हणणाऱ्या नवऱ्यालाही ‘आठवडाभर बघू, नाही जमलं तर परत ठेवू’ हे मान्य होण्यासारखं आहे.

आणि त्यांना हेही सांगा की हा फक्त तुमचा प्रश्न नाही. एका चॅनलवर एका वेळी एकच उपकरण बोलतं. तुमचा लॅपटॉप क्षीण सिग्नलवर असला की तो हळू बोलतो, तोच मजकूर पाठवायला त्याला जास्त वेळ लागतो आणि तेवढा वेळ बाकीचे ताटकळतात. मागची खोली सुधारली की पुढच्या खोलीतलंही नेट हलकं होतं.

आता खरेदी. इथे मला तुम्हालाच एक विचारायचंय : तुमच्या टेबलापाशी वायफायच कशाला हवं? तुम्ही फिरता फिरता काम करत नाही. लॅपटॉप रोज त्याच टेबलावर असतो. मग राउटरपासून टेबलापर्यंत एक लॅन केबल हा तुमच्यासाठी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. लॅपटॉपला ती केबल लावायचं भोक नसेल तर यूएसबीचा छोटा अ‍ॅडॅप्टर मिळतो. भिंती, गर्दी, ओव्हन, शेजार, सगळे प्रश्न एका फटक्यात संपतात. वाचणाऱ्यांपैकी ज्यांची मीटिंग, परीक्षा किंवा मुलाखत ठरलेल्या टेबलावर होते त्यांनी बाकी काही करण्याआधी हा विचार करावा. टीव्हीसारखं एका जागी बसणारं यंत्रही केबलवर घेतलं की हवेतली तेवढी गर्दी कमी होते.

मागच्या खोलीत फोनसाठीही रेंज हवी असेल तर त्याच केबलच्या टोकाला वायफाय पसरवणारी पेटी, म्हणजे एक अ‍ॅक्सेस पॉइंट लावा. घरात जुना राउटर पडून असेल तर बऱ्याच राउटरना अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून चालवायची सोय असते. नाव आणि पासवर्ड पहिल्यासारखाच ठेवा, चॅनल वेगळा. केबल टाकणं खरोखर अशक्य असेल, भाड्याचं घर असेल, तर मेश बरं. पण मेशच्या दुसऱ्या पेटीलाही चांगला सिग्नल पोचावा लागतो. ती तुमच्या टेबलावर ठेवून उपयोग नाही. जिथे आकडा अजून उणे 60-65 च्या आत आहे अशा मधल्या जागी ठेवा. तीन पट्ट्यांच्या मेशमध्ये एक पट्टा पेट्यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी राखता येतो, त्यामुळे वेग फारसा कापला जात नाही.

रिपीटर माझ्या यादीत शेवटी आहे. साधा, एका पट्ट्याचा रिपीटर ऐकतो आणि तेच पुन्हा त्याच चॅनलवर बोलतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो आणि उशीरही वाढतो. बातम्या वाचायला, निरोप पाठवायला पुरेल. तुमच्या मीटिंगसाठी मी तो घेणार नाही. ज्यांच्याकडे आधीच आहे आणि चालत नाही, त्यांनी तो मेलेल्या कोपऱ्यातून काढून अर्ध्या वाटेवर आणून बघावा. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

सिग्नल सुधारूनही मीटिंग ठराविक वेळीच तुटत असेल तर घरातल्या फोनांचे फोटो बॅकअपसाठी, म्हणजे इंटरनेटवर साठवायला, त्या वेळी वर चढतायत का ते बघा. अपलोडची वाट त्यांनी भरली की तुमचा आवाज रांगेत उभा राहतो. बॅकअपची वेळ कामाच्या तासांबाहेर ठेवा. राउटरमध्ये एखाद्या उपकरणाला प्राधान्य द्यायची सोय असेल तर तुमच्या लॅपटॉपला द्या. राउटरचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा, पासवर्ड बदला आणि सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए2 किंवा डब्ल्यूपीए3 ठेवा. अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाचे पडदे वगैरे नादाला लागू नका. एका बाजूला थोडं वाढतं ते दुसऱ्या बाजूचं काढून.

राहिला सासऱ्यांचा प्रश्न. त्यांची भीती उडवून लावू नका. त्यांना खरी माहिती द्या. वायफायच्या लहरी रेडिओच्या कुळातल्या. क्ष-किरणांसारखी पेशींमधले रेणू तोडण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊब, आणि ती जाणवायला घरच्या राउटरपेक्षा कितीतरी जास्त ताकद लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2011 मध्ये रेडिओ लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवलं, हे त्यांनी कुठेतरी वाचलं असेल. ते खरं आहे, लपवू नका. पण तो निर्णय मुख्यतः डोक्याला लावून वापरायच्या मोबाईलच्या अभ्यासांवर आधारलेला होता. राउटरची ताकद बरेचदा 0.1 वॅटच्या आसपास असते, आणि तो कानाला लावलेला नसतो. दोन मीटरवर पोचणारी तीव्रता एक मीटरवरच्या चौथा हिस्सा होते. मधे भिंत आली की आणखी कमी.

एवढं सांगूनही त्यांना चैन पडलं नाही तर त्यांचं मन राखायला दोन वाटा आहेत. तुमच्या टेबलापर्यंत केबल टाकलीत तर राउटर बोळात आणायची गरजच कदाचित उरणार नाही; युनिटमधून बाहेर, उंचावर ठेवला तरी भागेल. आणि बोळातच आणावा लागला तर बऱ्याच राउटरमध्ये ठरलेल्या वेळी वायफाय बंद-चालू करायची सोय असते. ते झोपल्यापासून उठेपर्यंत बंद ठेवा. ती वेळ त्यांनाच ठरवू द्या. फोनांचे बॅकअप त्याआधी, संध्याकाळी उरकतील असं बघा. एकच काळजी घ्या : घरचा दूरध्वनी त्याच पेटीवरून चालत असेल तर मुख्य बटण बंद करायचं नाही, फक्त वायफाय बंद करायचं, म्हणजे रात्री-अपरात्री कोणाला फोन लावायची वेळ आली तर तो लागेल.